आरोपी हजर

सावेडीत आमच्या गल्लीत एक निवृत्त शिरस्तेदार राहतात. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्या कागदांवर लाल शाईनं दुरुस्ती करून खाली सही केली. बोलताना मात्र ते अजून नगरच म्हणतात, कारण बोलण्यातल्या दुरुस्तीचा आदेश त्यांच्या पाहण्यात आलेला नाही. घरात कपबशी फुटली तर हे गृहस्थ 'कोणी फोडली?' असं विचारत नाहीत. 'घटनेच्या वेळी स्वयंपाकघरात कोण कोण हजर होतं?' असं विचारतात. अशा माणसाला कुत्रं चावलं.

दुसरा कोणी असता तर बोंबलला असता, दगड भिरकावला असता. यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग पोटरी. दात चांगले खोल गेले होते, रक्त होतं आणि पायजमा वीतभर टरकला होता. पायजमा कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून कपाटात गेला. वर चिठ्ठी : मुद्देमाल क्रमांक एक. वहिनी म्हणाल्या, 'फाटलाच आहे, पायपुसणं करते.' त्यावर 'पुराव्याशी छेडछाड चालणार नाही' असं उत्तर आलं.

खरं तर वहिनींमुळेच सगळं निभावलं. हे पंचनाम्यासाठी कोरी वही शोधत होते, तेव्हा त्यांनी नवऱ्याला मोरीत बसवलं, नळ सोडला आणि कपड्याच्या साबणानं जखम चांगली पंधरा मिनिटं धुतली. शेजारच्या काकू जखमेत भरायला वाटीत तिखट घेऊन आल्या होत्या. त्यांना 'ते कालवणात घाला' म्हणून दारातूनच परत लावलं. रेबीजच्या विषाणूचं वेष्टण चरबीचं असतं, साबणापुढे ते टिकत नाही. तिखटानं आग होते ती फक्त माणसाची.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि म्हणाल्या, 'वर्ग तीन.' धडधाकट कातडीला नुसतं चाटलं तर वर्ग एक, रक्त न येता ओरखडा उठला तर दोन, दात रुतून रक्त आलं की तीन. शिरस्तेदारांचा चेहरा पडला. 'नोकरी सगळी वर्ग तीनमध्ये गेली. चावासुद्धा वर्ग तीनच?' मग जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन भरलं, दोन्ही दंडांवर लस टोचली आणि कार्डावर तारखा पडल्या : दिवस शून्य, तीन, सात, अठ्ठावीस. शून्यावर त्यांनी हरकत घेतलीच. 'पहिल्या दिवसाला शून्य धरायचं, ते कुठल्या नियमानं?' तारखांवर मात्र खूश होते. उभी हयात लोकांना तारखा देण्यात गेली. तारखेला गेलं की त्याच दिवशी काम होतं, हा अनुभव त्यांना नवा होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाजवळ पोटातल्या चौदा इंजेक्शनांची कथा होती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे बंद होऊन वीसेक वर्षं झाली, कथा बंद व्हायची आहे. नेवाशाच्या मेहुण्यांनी तर दोन हातांत सुईची लांबी धरून दाखवली. शिरस्तेदार शांतपणे विचारायचे, 'आपण स्वतः घेतलीत, की ऐकीव?' सगळेच ऐकीव निघाले.

'त्या कुत्र्याला उचलून एमआयडीसीत नेऊन सोडा,' गल्लीनं मागणी केली. 'तडीपार?' शिरस्तेदारांनी चष्मा कपाळावर चढवला. सर्वोच्च न्यायालयाचा 22 ऑगस्ट 2025 चा आदेश त्यांच्या फायलीत होताच : नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडा. पिसाळलेलं किंवा आक्रमक असेल तर गोष्ट वेगळी. 'मग हे आक्रमक आहे का? आरोपीची बाजू न ऐकता मी तरी सांगू शकत नाही.'

डॉक्टरीणबाईंनी कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं होतं. दहा दिवस ते ठणठणीत राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. लस मात्र त्यासाठी थांबवायची नाही. शिरस्तेदारांच्या वहीत याचं नाव 'दहा दिवसांची कोठडी'. रोज सकाळी लंगडत ते बांधकामाच्या वाळूच्या ढिगापाशी जायचे. मी पाहिलेली एक नोंद अशी : 'आरोपी (मादी) हजर. पाणी प्यायली. फिर्यादीस पाहून गुरगुरली नाही, जांभई दिली. भत्ता : पार्ले-जी, एक पुडा.' एके दिवशी आरोपी फरार झाली. प्रोफेसर कॉलनी चौकापर्यंत पोरं पळाली. बाई मटणाच्या दुकानामागे सापडल्या. नोंद : 'वैयक्तिक कारणास्तव गैरहजर.'

मग साक्षी झाल्या. दूधवाला म्हणाला, 'आवं सायेब, ती पंधरा दिसांमागं व्यालीय. ढिगाआड पिल्लं हायेत. तुमी काठी आपटीत आला.'

काठी कशासाठी होती? कुत्र्यांच्या भीतीनं. कुत्री का चावली? काठीच्या भीतीनं. इथं वहीत अर्धं पान कोरं आहे.

पेपर टाकणारा मुलगा म्हणाला, 'आजोबा, तुम्ही पळालात.'

'पळालो नाही. चालण्याचा वेग वाढवला.'

'चप्पल मागं राहिली होती.'

चप्पल म्हणजे मुद्देमाल क्रमांक दोन. शेवटची साक्ष वहिनींची. 'माझी बाळंतपणं आठवा. सासूबाई सोडून कोणाला खोलीत येऊ देत होते मी? आणि त्याही कधी काठी घेऊन आल्या नाहीत.' उलटतपासणी झाली नाही.

अकराव्या दिवशी निकाल लागला. कुत्री धडधाकट होती, पिल्लांचे डोळे उघडले होते. 'चावा सिद्ध. दुष्ट हेतू सिद्ध नाही. आरोपीने भुंकून पूर्वसूचना दिली होती, फिर्यादीने ती दुर्लक्षिली. खासगी बचावाचा हक्क, भारतीय न्याय संहिता कलम 34 (जुने 96). आरोपी निर्दोष मुक्त. फिर्यादीस समज देण्यात येते.' खाली दोन सह्या, दोन्ही त्यांच्याच. एक निकाल देणाऱ्याची, दुसरी समज मिळालेल्याची. कुत्रीच्या कानाला नसबंदीची खाच दिसली नाही, म्हणून महापालिकेसाठी अर्जही त्यांनीच लिहिला, दोन प्रतींत.

गल्लीला हा निकाल अजून पटलेला नाही. मला पटला आहे. आणि तुम्हाला आमच्या बाजूला कुत्रं चावलंच, तर आधी नळ आणि साबण, लगेच दवाखाना, आणि कार्डावरची एकही तारीख चुकवू नका. जबाब नोंदवायला शिरस्तेदार संध्याकाळी पाच ते सात घरी असतात. येताना ओळखीचा पुरावा आणावा. कुत्र्याला तो लागत नाही.