भाऊजींची टर्न

"घाई कसली? टर्न आपलीच आहे ना!"

आमच्या भाऊजींचं सगळं युद्धशास्त्र या एका वाक्यात आलं. ताई आणि भाऊजी न्यू जर्सीत एडिसनला असतात. 2001 साली गेमबॉय अ‍ॅडव्हान्स निघाला, तेव्हा तो घरात आणला भाच्यासाठी. त्याबरोबर अ‍ॅडव्हान्स वॉर्स नावाचा गेम आला आणि त्या दिवसापासून भाऊजी सेनापती झाले. त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. त्यामुळे सेनापतींची छावणी कायम टेबललॅम्पखाली, मान तिरकी, शेजारी दोन पेन्सिल सेल राखीव.

गेम तसा सोपा. चौकोनांचा नकाशा, त्यावर आपलं सैन्य आणि शत्रूचं. आधी आपण आपले सगळे मोहरे हलवायचे, मग त्याने. आपण 'एंड' म्हणेपर्यंत शत्रू बिचारा हात बांधून उभा! भाऊजींना ही सवलत मिळायला नको होती. मेथीची जुडी चारही बाजूंनी पाहणारा माणूस तो. रणगाडा कुठे न्यावा हे ठरवताना बाण इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहतो आणि शेवटी रणगाडा होता तिथेच राहतो. एकाच यंत्रावर आळीपाळीने दोघं खेळू शकतात. भाचा आपली टर्न पटकन उरकून यंत्र बाबांच्या हातात द्यायचा आणि गणिताचा गृहपाठ काढायचा. गृहपाठ व्हायचा, जेवण व्हायचं. बाबा अजून उजवीकडच्या जंगलात दडलेल्या तोफेबद्दल विचार करत असायचे.

बाकी हिशेब चोख. पायदळ हजाराला, रणगाडा सात हजारांना, बॉम्बर विमान बावीस हजारांना. ताब्यातलं प्रत्येक शहर दर टर्नला हजार देतं. भाऊजींचा जीव या शहरांवर. लढाई पेटलेली असताना ते कुठल्यातरी कोपऱ्यात एकेक शहर घेत बसलेले. "उत्पन्न आधी, पराक्रम नंतर." बॉम्बर त्यांनी कधी घेतलाच नाही. पडला तर बावीस हजार एका फटक्यात गेले! त्यांची भिस्त तोफेवर. किंमत सहा हजार, दोन-तीन चौकोन लांबून मारा आणि उलट मार शून्य. माणसांशीही ते असंच वागतात. शेजाऱ्याच्या गवताबद्दलची तक्रार त्याला तोंडावर न सांगता सोसायटीला पत्राने कळवतात.

गेममधल्या दर सेनापतीचा गुण वेगळा. भाच्याला मॅक्स आवडायचा, थेट अंगावर जाणारा. भाऊजींचा ग्रिट, कारण त्याच्या तोफा एक चौकोन जास्त लांब मारतात. कानबेईच्या सैन्याला बळ फार, पण ते वीस टक्के महाग; भाऊजींनी त्याला पहिल्याच भेटीत नापास केलं. खरी गंमत 2003 साली गेमच्या दुसऱ्या भागात झाली. त्यात कॉलिन नावाचा कोवळा पोरगा आला. त्याला सगळं सैन्य वीस टक्के सवलतीत, ताकद जराशी कमी. वर त्याची एक शक्ती अशी, की खजिन्यात जितके पैसे शिल्लक तितका मारा जबर! भाऊजींनी हे दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि ताईला हाक मारली, "अगं, ऐक! न खर्चलेल्या पैशाने शत्रू मरतो!" त्यांना इतकं आनंदलेलं मी फक्त कर्ज फिटल्याच्या दिवशी पाहिलं होतं.

पण कंजूष म्हणावं तर तसंही नाही. या गेममध्ये मुरलेले लोक एक युक्ती करतात. स्वस्तातलं पायदळ मुद्दाम पुढे उभं करायचं, शत्रू त्याच्यावर गोळे फुकट घालवतो आणि मागचे रणगाडे वाचतात. हजाराच्या बदल्यात सात हजार वाचले, भाऊजींच्याच हिशेबाने फायद्याचा सौदा. तो मात्र त्यांना जमत नाही. भाच्याने एकदा समजावलं, "बाबा, हजारचाच तर आहे तो." भाऊजी म्हणाले, "त्याच्या घरी कोणी असेल की." दहातले दोनच उरलेलं पायदळ ते जवळच्या शहरात नेऊन ठेवतात. तिथे दर टर्नला दोन भरून निघतात, म्हणजे पुरी चार टर्न त्याची आजारपणाची रजा. वर दुरुस्तीचा खर्च वेगळा. तो मात्र हूं की चूं न करता देतात.

लढाई संपली की गेम शक्ती, वेग आणि तंत्र असे तीन रकान्यांत गुण देतो. आपली माणसं फार न गमावल्याबद्दल तंत्रात भाऊजींना पैकीच्या पैकी. वेगात जे मिळतं ते ताईने कागदावर लिहून फ्रिजवर लावायची धमकी दिली आहे.

भाचा आता नोकरीला आहे. दोन्ही भाग नव्याने निन्टेंडोच्या स्विच यंत्रावर येणार म्हटल्यावर त्याने ते बाबांसाठी आधीच नोंदवून ठेवले. ते 2022च्या एप्रिलमध्ये यायचे होते, पण युक्रेनमध्ये खरं युद्ध पेटलं आणि निन्टेंडोने ते पुढे ढकलले. आले 2023च्या एप्रिलमध्ये. भाचा वैतागला होता. भाऊजी नाहीत. "थांबले ते योग्यच केलं," म्हणाले, "मीही थांबलोच असतो."

नव्या गेममध्ये पडद्याला झकास उजेड आहे, चित्रं मोठी आहेत आणि चालू टर्न पहिल्यापासून पुन्हा खेळायची सोय आहे. ती सोय कळली, त्या संध्याकाळी ताईने ओट्यापाशी उभ्या उभ्या आपलं पान वाढून घेतलं आणि आतून ओरडून सांगितलं, "अहो, तुमचं झाकून ठेवलंय. सकाळी गरम करून घ्या."