मान कंपनीचा, माल दुकानाचा

डोंबिवलीत माणसाची पत दोन गोष्टींवरून ठरते. सकाळच्या फास्टमध्ये तो कितपत आत शिरू शकतो आणि त्याच्या घरी पाहुण्यांपुढे कुठल्या कंपनीचा सॉस येतो. पहिल्या बाबतीत माझं काही चालत नाही. दुसऱ्या बाबतीत बायकोचं चालतं आणि तिचं धोरण पक्कं आहे. जे शिजून, विरघळून, मुरून नाहीसं होतं ते दुकानाचं. जे बाटलीसकट टेबलावर येतं ते कंपनीचं. त्यामुळे रवा, साखर, पोहे, शेंगदाणे आणि फरशी पुसायचं फिनेल आमच्याकडे सुपरमार्केटच्या स्वतःच्या नावाचं येतं. सॉस, जॅम, बिस्किटं आणि चहा मात्र टीव्हीवर दिसणारे. सॉसची बाटली ती टेबलावर अशी ठेवते की लेबलाचं तोंड थेट पाहुण्यांकडे.

दुकानांनी आपल्याच नावाचा माल विकणं आता कुणाला नवं राहिलेलं नाही. पवईत 2002 साली पहिलं डीमार्ट निघालं, तेव्हा आम्ही तिथे स्वस्तात कंपनीचा माल घ्यायला जायचो. आता तिथे ‘प्रीमिया’ आहे, रिलायन्सकडे ‘गुड लाइफ’ आहे, बिगबास्केटवर ‘बीबी रॉयल’ आहे. हा माल स्वस्त का, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. जाहिरातीत नट नाचवायचा नाही, मधल्या वितरकाला टक्के द्यायचे नाहीत आणि फळीवर डोळ्यांसमोरची जागा मिळावी म्हणून कुणाची मनधरणी करायची नाही, कारण फळीच आपली. कारखाना मात्र बहुतेक वेळा आपला नसतो. बनवणारा तिसराच कुणीतरी असतो. माझी भाची जर्मनीत असते. ती म्हणते, तिथल्या आल्डीत बहुतेक सगळा माल दुकानाचाच, ओळखीचा ब्रँड शोधावा लागतो. आईला हे ऐकून तिची फार काळजी वाटली होती.

बनवणारा कोण, हे शोधण्याचं काम आमच्या मजल्यावर शेजारच्या आप्पांकडे आहे. ते बँकेतून निवृत्त झाले, पण तपासणीतून झाले नाहीत. खिशात भिंग असतं. त्यांचं म्हणणं असं, की पाकिटाची पुढची बाजू जाहिरातवाल्यांनी लिहिलेली असते आणि मागची वकिलांनी. तेव्हा वाचायची ती मागची. परवान्याचा चौदा आकडी नंबर, उत्पादक कोण, विकणारा कोण, सगळं ते मोठ्याने वाचतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हेही मला त्यांनीच शिकवलं. एकदा त्यांनी एका सॉसच्या यादीत टोमॅटोच्या आधी साखर गाठली आणि त्या बाटलीकडे खोटी सही सापडल्यासारखं पाहिलं. शेजारी दोन पाकिटं असतील आणि एकाची किंमत मोहात पाडणारी असेल, तर आप्पा आधी वजन बघतात. ते बहुधा 900 ग्रॅम निघतं. हल्ली पाकिटावर दर ग्रॅमचा भावही छापतात. आप्पांना तो कायदा आपल्यासाठीच झाल्यासारखा वाटतो.

तर या सगळ्याचा एकदा निकाल लावायचा, असं माझ्या मुलीने ठरवलं. ती विज्ञानाची विद्यार्थिनी असल्यामुळे घरात कुठलीही गोष्ट नुसती खाता येत नाही. तिने स्टीलच्या वाट्या मांडल्या, खाली अ, ब, क अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आम्हाला स्वयंपाकघरात यायला बंदी केली. परीक्षक म्हणून आई, बायको, मी आणि आप्पा. आप्पांना बोलावलं नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजून ते स्वतःच आले.

पहिला मान मिठाचा. मीठ चाखून बायको म्हणाली, “खारट आहे.” दुसरं चाखून म्हणाली, “हेही.” मिठावरची चर्चा तिथेच संपली, आणि माझ्या मते देशभर संपायला हरकत नाही. पुडीत आयोडीनवालं मीठ असलं की झालं. उरलेला फरक पाकिटाच्या रंगाचा.

खरी लढत तुरीच्या डाळीची. कुकरच्या तीन भांड्यांत तीन डाळी: वाण्याकडची सुटी, दुकानाच्या नावाची आणि एका बड्या कंपनीची ‘अनपॉलिश्ड’, जिच्या पाकिटावर शेतकरी हसत होता. हिंग-हळद सारखी, गूळ सारखा, मीठही सारखं (कुठलं ते विचारू नका). नुसतं वरण चाटलं तेव्हा मला थोडा फरक जाणवला. एक जरा दाट आणि गोडसर, एक पाणचट. पण मुलीने भात वाढला, वरून साजूक तूप आणि लिंबू आलं आणि तिन्ही डाळी एकदम सख्ख्या बहिणी झाल्या. वाण्याच्या डाळीत एक खडा निघाला. आईच्या मते खडा निघणं हे डाळ खरी असल्याचं लक्षण. आप्पांनी वाटी ‘ब’वर बोट ठेवलं आणि डोळे मिटून म्हणाले, “ही! ही लातूरची. कंपनीची. अशी डाळ आता मिळत नाही.”

मुलीने चिठ्ठी उलटली. ‘ब’ दुकानाची होती.

आप्पा डगमगले नाहीत. “म्हणजे दुकानवाल्यांनी कंपनीकडूनच भरून घेतलीय,” ते म्हणाले. मग कंपनीची वाटी पाणचट का लागली? “ती डुप्लिकेट असणार. बाजारात फार आहेत.” मला त्या क्षणी ब्रँड म्हणजे काय ते नीट समजलं. दुकानाचा माल चांगला निघाला तर तो मुळात कंपनीचा, आणि कंपनीचा वाईट निघाला तर तो कंपनीचा नव्हेच. असं दुहेरी कवच एखाद्या नवऱ्याला मिळालं असतं तर महाराष्ट्रात घरोघर शांतता नांदली असती.

बिस्किटांत मात्र दुकानाची डाळ शिजली नाही. ग्लुकोज बिस्किटात पार्ले-जीपेक्षा स्वस्त काय देणार? पार्ल्याच्या त्या लोकांनी पाच रुपयांचं पाकीट वर्षानुवर्षं पाच रुपयांनाच विकलं; वजन घटवलं पण आकड्याला हात लावला नाही. दुकानाचं बिस्किट दोन पैसे महाग पडलं आणि वर चहात बुडवल्याबरोबर तळाशी जाऊन बसलं. ते चमच्याने काढून खाताना आप्पा म्हणाले, “सापडला. हा खरा दुकानाचा माल.”

चहाला आईने चाचणीच नाकारली. गाळताना रंग बघूनच तिने दुकानाचा कप बाजूला सरकवला. हे मात्र मी मानतो. चहाच्या मोठ्या कंपन्या चव घेणारे लोक पगारावर ठेवतात. मळा बदलो, हंगाम बदलो, मिश्रण असं जुळवतात की मार्चचा कप आणि ऑगस्टचा कप ओळखू येऊ नये. तिथे आपण पैसे मोजतो ते चवीला कमी आणि सवय न मोडल्याबद्दल जास्त. आईची सवय मोडण्याचा खर्च कुठल्याच सवलतीत भरून निघत नाही.

गंमत अशी, की हीच आई पूर्वी वर्षानुवर्षं बिननावाचं सामान भरत होती. मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली सुरू झाली, पुढे आमच्या चाळीतल्या बायकांनी तिचा संघ काढला. महिन्याला यादी भरायची, सामान एका घरी उतरायचं आणि मग दुपारभर वाटप. साध्या पिशव्यांतला तांदूळ, डाळ, रवा. कुठे हसरा शेतकरी नाही. मी आईला विचारलं, “तेव्हा चालायचं, मग आता काय झालं?” ती म्हणाली, “तेव्हा कुणी निवडलंय ते माहीत होतं. तांदूळ जुना नसला तर कुणाला बोलायचं तेही.” या कंपनीवाल्याला ती भेटलेली नाही, पण तो रोज साडेआठला मालिकेच्या मध्ये येऊन जातो, तेवढी ओळख तिला पुरते. दुकानवाला तेवढंही करत नाही. तो नुसता स्वस्त आहे, आणि आमच्या घरात नुसतं स्वस्त असणाऱ्यावर कुणीही संशय घेतं.

शिवाय पाकिटाचं आयुष्य तरी किती? डब्यात ओतलं की साखर नुसती साखर होते. आमच्या फळीवर टिकून राहिलेला एकमेव ब्रँड म्हणजे बोर्नव्हिटाची बरणी, आणि तिच्यात कितीतरी वर्षं मोहरी आहे.

त्या रविवारनंतर घरात थोडी फेररचना झाली. डाळ दुकानाची, चहा आईचा, बिस्किटं पार्ल्याची. हिंगाबाबत बायको वाटाघाटींनाही तयार नाही. सॉसची बाटली जागेवर आहे. हल्ली आत काय असतं हे मी विचारत नाही. परवा पिशव्या घेऊन निघालो, तर जिन्यात आप्पांनी गाठलं. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

“जाताच आहात तर दोन किलो आणा ती ‘ब’.”

“आणतो की.”

“आणि हो,” ते म्हणाले, “येताना कापडी पिशवीत घाला. लिफ्टमध्ये सेक्रेटरी असतो.”