चांगली तर दिसतेस! (नवशिक्या सिकलसेलवाल्यांसाठी)

जमलं तर आधी पाय मोडून घ्यावा. प्लास्टर दिसतं. पारावरची माणसं सरकून जागा देतात, सासू स्वतः पाणी आणून देते. सिकलसेलला ही सोय नाही. तो रक्तात असतो. आईबाप दोघेही वाहक असले तर दर बाळंतपणाला चारात एक या हिशेबाने पदरात पडतो. चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीच्या आदिवासी पाड्यांवर तो जुनाच आहे; नवा असतो तो ऐकणारा.

सिकल म्हणजे विळा. गोल असायची ती लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं ठणकायला लागतात. निरोगी पेशी 120 दिवस टिकते, तुमची दहा-वीस. हे कापूस वेचताना मुकादमाला समजावू नका. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात आणि ठणका काट्यावर चढत नाही.

डोळे पिवळे झाले तर हुरळून जाऊ नका. दिसणारं म्हणावं असं लक्षण हेच, पण त्याला लोक कावीळ म्हणतात. मग कावीळ उतरवणारा हाताला चुना चोळून पिवळं पाणी काढून दाखवतो. तुमच्या दुखण्यापेक्षा त्या पाण्यावर घरच्यांचा विश्वास जास्त बसतो.

पथ्य सोपं आहे: भरपूर पाणी, ऊन नको, गारठा नको, दमणं नको. जळगावच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला आणि हंडा दोन शेतं लांब असताना, हा सल्ला ऐकायला फार गार वाटतो.

आता प्रवास. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत तिकीट माफ आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही हा आजार बसला. कायद्यात बसला, तुम्ही मात्र धुळ्याच्या गाडीत राखीव सीटवर बसलात की मागची मावशी विचारणारच, "तुले काय जायनं व माय? चांगली धट्टीकट्टी शे!" इथे नवशिके हसून वेळ मारून नेतात आणि फसतात. हसणारं माणूस आजारी नसतं. रडलात तर नाटक. चेहरा जरासा ओढलेला, आवाज खोल गेलेला, पण उत्तर ठाम, हे प्रमाण जमायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर दवाखान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023ला शहडोलहून निघाली आहे, पोचायची मुदत 2047. मावशी तोवर थांबायची नाही.

सगळ्यांत अवघड ते बरे दिवस. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल मानवल्या, दोन महिने कळ आली नाही, आणि भावकीत हळद निघाली. पाय थिरकतात. पण परवा पुन्हा अंथरूण धरलंत तर "हळदीत तर नाचत होती" हे वाक्य तुमच्या आधी दवाखान्यात पोचतं. नाचायचंच असेल तर तांब्याभर पाणी पिऊन नाचा, आणि मोबाइल धरून उभ्या असलेल्या पोराकडे पाठ करा.