तारपा पडद्यावर, माणूस बाकड्यावर

सरकारी संगणकाच्या लॉक स्क्रीनवर कोणतं चित्र असावं, या प्रश्नावर इतर जिल्ह्यांनी खुशाल डोकं फोडावं. पालघरला तो प्रश्नच नाही. इथे भिंतीवर वारली, फायलीवर वारली, सत्काराच्या शालीवर वारली. मग संगणकानेच काय घोडं मारलंय? वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं २०१४ साली, आणि ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तोही त्याच वर्षी, १ ऑगस्टला. एवढा योग जुळून आल्यावर पडदा कोरा ठेवणं बरं दिसलं नसतं.

शिवाय काम सोपं. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, तर सवाशिणी लागतात, मुहूर्त लागतो. इथे सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, ब्राउज, संपला सोहळा. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ती कागदावरून पडद्यावर आणणारा कंत्राटी ऑपरेटर मात्र अजून थकलेल्या मानधनाची वाट बघतोय.

सगळ्यात जास्त मागणी तारपा नाचाला. मधोमध तारपा फुंकणारा तारपेवाला, भोवती हात गुंफलेली माणसांची वेटोळी रांग, आणि बरोबर तारपेवाल्याच्या डोक्यावर संगणकाचं घड्याळ. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा या नाचाचा नियम. कार्यालयाचाही एक नियम आहे: मॉनिटरने अर्जदाराकडे पाठ करायची. त्यामुळे ज्याच्या आजीने लग्नघरात चौक काढले, त्याला हे चित्र कधीच दिसत नाही. त्याला दिसते काळी प्लास्टिकची पाठ, दोन वायरी आणि एक चिठ्ठी.

चिठ्ठीवर पासवर्ड असतो.

आता तो तिथे का, हे समजून घ्या. आधी चिठ्ठी पडद्याखालीच होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, ‘पासवर्ड दर्शनी भागात नसावा.’ लगेच अंमलबजावणी झाली. चिठ्ठी मागे गेली. दर्शनी भाग कोणाच्या दृष्टीने, हे शेऱ्यात नव्हतं.

समजा, झरी गावाहून एक काका दाखल्यासाठी आले. सकाळपासून बाकड्यावर बसलेत. वाचता येतं, त्यामुळे पासवर्ड आता तोंडपाठ. फक्त आपल्या अर्जाचं काय झालं, तेवढं माहीत नाही.

“भाऊ, दाखला झाला का?”

“काका, सिस्टम लॉक आहे. मॅडम मीटिंगला गेल्यात.”

“कधी येतील?”

“ते मॅडमनाच माहीत.”

काका सज्जन. समोर किल्ली टांगलेली असून ते कुलपाला हात लावत नाहीत. आपल्या सायबर सुरक्षेचा खरा आधार हा असा बाकड्यावर बसलेला आहे.

पासवर्डचं म्हणाल, तर ही परंपरा जुनीच. अमेरिकेत एमआयटीच्या संगणकावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पासवर्ड आले, आणि १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. कशासाठी? तर संगणकावर काम करायला जास्त वेळ मिळावा म्हणून. आपल्याकडे असा गुन्हा संभवत नाही. यादी आधीच छापलेली असते आणि जास्त काम करायला मिळावं अशी कोणाची तक्रार नसते.

दर महिन्याला पासवर्ड बदला, असाही एक आदेश असतो. म्हणून मार्चचा पासवर्ड ‘मार्च’, एप्रिलचा ‘एप्रिल’. उगाच बदलायची सक्ती केली की माणसं असेच सोपे पासवर्ड ठेवतात, म्हणून सक्ती करू नका, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं. आपल्याकडे तो कागद अजून आवक-जावकमध्ये असावा. मग पिन आला. पिन त्या एका यंत्रापुरताच चालतो, म्हणून चोरीला गेला तरी दुसरीकडे कामाचा नाही, कल्पना चांगली. यंत्राने पिन मागितला, ऑपरेटरने गावाचा पिनकोड टाकला.

ग्रामपंचायतीची गोष्ट याहून मोकळीढाकळी. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक) अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणून. दोन्ही सह्यांची डोंगलं मग एकाच जुडग्यात, एकाच ड्रॉवरमध्ये, एकाच ऑपरेटरकडे. दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण इथे लबाडी कुठे आहे? सगळं राजीखुशीने चाललंय.

तेव्हा कुलूप नेमकं कोणासाठी, हे विचारू नये. कार्यालयातल्या प्रत्येकाला ते उघडता येतं. ते लागतं फक्त काका आले की. विंडोजची खूण असलेलं बटण आणि एल दाबलं की क्षणात पडदा बंद. एवढी चपळाई त्या इमारतीत दुसऱ्या कुठल्या कामात दिसत नाही. आणि काकांची ओळख पटवायची वेळ आली की अंगठा लागतो. गवत कापून, भात लावून झिजलेल्या त्या रेषा यंत्राला ओळखता येत नाहीत. “उद्या या, काका.”

उद्या म्हणजे आणखी एक रोजी बुडाली. काकांच्या याच झरीत २३ मे १९४५ रोजी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या हाकेवर हजारो वारली जमले आणि जमीनदाराची वेठ करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी त्या लढ्याने सोडवले. त्यांच्या नातवाचा दिवस आता फुकट कोण घेतं, याचा जमीनदार सापडत नाही. पडद्यावर त्याच लग्नाचा चौक तेवढा सापडतो.

आम्ही एक साधी सूचना केली. मॉनिटर फिरवा, आणि लॉक स्क्रीनवर एवढंच लिहा: कोणाचं टेबल, साहेब परत कधी येणार, दाखल्याला कागद कोणते, दाखला किती दिवसांत. पडदा खऱ्या अर्थाने आपला करायचा, तर तो पाहणाऱ्याच्या उपयोगाचा हवा.

सूचना आवडली. तातडीने बैठक झाली. मजकूर यथावकाश ठरेल. त्याभोवतीची वारली किनार मात्र एकमताने मंजूर झाली आहे.