बोगदा, कौल आणि अर्धी गोळी

गडग्यापलीकडून माईंनी हाक मारली ती 'तसं काही विशेष नाही हो' अशा आवाजात. म्हणजे बातमी मोठी होती.

"वरच्या आळीतली सून म्हणे आता मेंटलला जाते?"

राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. पुणं, ठाणं, नागपूर आणि चौथं आमच्या रत्नागिरीत. त्यामुळे इथली पोरं भांडतानासुद्धा एकमेकांना तिकडेच पाठवतात. माईंचा काय दोष!

"मेंटलला नाही, सिव्हिलला जाते. ओपीडीत. सकाळी जाते, दुपारी घरी येऊन आमटी फोडणीला टाकते."

"मग वेड नाही ना लागलेलं?"

"पॅनिक अटॅक येत होते तिला. भीतीचे झटके." मी सिव्हिलमधनं रिटायर झालेली सिस्टर, दुसऱ्याच्या केसपेपरावर बोलायची सवय नाही. पण तिनंच बजावलंय, काकू, विचारेल त्याला सांगून टाका, मला दारोदार तेच तेच सांगत फिरायला नको. म्हणून मग सैल सुटले.

सुरुवात मुंबईहून येताना झाली. उक्षी मागे पडलं की गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटरचा बोगदा. मोबाइलची रेंज गेलेली, खिडकीबाहेर काळोख. तिची छाती एकदम धडधडायला लागली, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, अंगाला दरदरून घाम. आपण आत्ता मरतो, एवढंच तिच्या डोक्यात. नवऱ्यानं रत्नागिरीला उतरवून तडक दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम अगदी चांगला. रक्तसुद्धा चांगलं.

"मग नाटकच म्हणायचं की गो!"

"सासूही तेच म्हणाली. पण माई, हा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासाच्या आत बहुतेक ओसरतो. छातीला वायरी लावेपर्यंत पोरगी बसून पाणी पीत असते. कागदावर उमटणार काय? धडधड खरीच असते. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यानं मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो, आणखी भराभर श्वास घेतो. तरी छातीत दुखलं तर पहिल्यांदा हृदयच तपासायचं, त्यात हयगय नको. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर हेही बघतात. पण सगळं नीट निघाल्यावर 'काही झालेलं नाही' म्हणून घरी पाठवणं, हे काही खरं नव्हे."

तिला तसंच पाठवलं होतं. मग दुसऱ्यांदा झटका आला तो बाजारात. तिसऱ्यांदा लग्नाच्या हॉलमध्ये. सासूनं ग्रामदेवतेला कौल लावला, कौल उजवा झाला, नारळ दिला. यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. घरातलं माणूस घाबरलं की आपण ज्याच्या पायाशी जात आलो तिथेच जातो. पुढे मात्र तिनं आगगाडी सोडली. मग एसटी सोडली. मग बाजार. शेवटी परसातल्या विहिरीवरसुद्धा नवरा सोबत हवा. झटके कमी झाले म्हणून घरचे खूश, आणि तिचं जग उंबऱ्याशी येऊन थांबलेलं.

"जात नाही तर होत नाही. बरंच की."

"तिथंच तर घोटाळा आहे. तुमचा मोती पोस्टमनवर भुंकतो ना? पोस्टमन टपाल टाकून जाणारच असतो. मोतीला वाटतं, मी भुंकलो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी दुप्पट भुंकतो."

माईंनी मोतीकडे पाहिलं. मोती झोपला होता.

"बोगदा टाळला म्हणून जीव वाचला, असं मनाला वाटत राहतं," मी म्हटलं. "आणि भीती खोटी ठरायची संधीच येत नाही."

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी काय करावं? बोलून बोलून धीर द्यावा, असं आपल्याला वाटतं. त्यांनी तिला जागच्या जागी धावायला लावलं! मग खुर्चीत बसवून गरगर फिरवलं, मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. जे व्हायला नको म्हणून ती वर्षभर जपत होती, तेच तिच्याकडून करवून घेतलं. धडधडलं, गरगरलं, आणि ती मेली नाही. हे असं आठवड्यामागून आठवडे. आधी कागदावर उतरवायचं, आता काय होईल असं वाटतंय. नंतर लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं.

मग पायऱ्या. पहिल्यांदा नुसतं स्टेशनवर जाऊन बसायचं. मग पॅसेंजरनं भोक्यापर्यंत, तिथपर्यंत तो बोगदा लागत नाही. मग नवऱ्यासोबत भोके ते उक्षी, बोगद्यातनं. मग नवरा दुसऱ्या डब्यात. मग एकटी. पर्समधली पाण्याची बाटली आणि ती 'वेळ पडली तर' म्हणून ठेवलेली गोळीसुद्धा शेवटी घरी ठेवून. पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, अर्ध्यात पळायचं नाही, हा नियम. उक्षीच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत दोघांनी इतक्या वेळा थालीपीठं खाल्ली की तिथली कुत्री ओळखायला लागली.

"हे काय औषध झालं?"

"अल्बर्ट एलिस म्हणून न्यूयॉर्कचे मोठे मानसशास्त्रज्ञ. पोरींशी बोलायची त्यांना भयंकर भीती. १९ वर्षांचे असताना त्यांनी स्वतःलाच हुकूम सोडला, ब्राँक्सच्या बागेत बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. महिनाभरात शंभरेक बायकांशी बोलले."

"मग? जमलं का कुठं?"

"एकीनं भेटायचं कबूल केलं. ती पण आलीच नाही!"

माई इतक्या हसल्या की सुपारी ठसक्यात गेली.

"पण भीती गेली हो. पुढे १९५५ च्या सुमाराला त्यांनी यावर पद्धतच बसवली. आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती मराठीत रुजवली."

गोळ्याही होत्या तिला. एस्सिटालोप्राम, सुरुवातीला छोटा डोस. या गोळीचं एक वाईट आहे. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ, अस्वस्थपणा उलट वाढू शकतो. नवरा पाचव्या दिवशी पाकीट फेकायला निघाला होता. माझ्या मते औषध लिहून देणाऱ्यानं एवढं एक वाक्य सांगितलं, तर निम्मी भांडणं वाचतील. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर घ्यायची आणि सोडायची ती हळूहळू, डॉक्टरांना विचारून. हिची सवय लागत नाही, हे मी माईंना दोनदा सांगितलं, कारण त्यांचा चेहरा एकदम बारीक झाला होता.

"आणि ती गो... मी झोपताना अर्धी घेते ती?"

"कुठली?"

त्यांनी ओट्यावरचा डबा उघडून पट्टी दाखवली. अल्प्राझोलाम. मुलगा परदेशी गेल्यापासून, म्हणजे कितीतरी वर्षं. फोन एका रिंगला उचलला नाही की माई अपघातापर्यंत पोचतात. उचलला की आवाज बसलाय म्हणून आजारापर्यंत. स्वभावच तसा, असं आम्ही सगळे म्हणतो. पण सहा महिन्यांहून जास्त, बहुतेक रोज, आवरता न येणारी काळजी, जोडीला झोप उडालेली, मान आखडलेली, यालाही डॉक्टरांकडे नाव आणि उपचार आहेत.

"माई, ही झटपट शांत करते, पण हिचीच सवय लागते. या वयात तोल जाऊन पडायची भीती वेगळी. पण माझं ऐकून आज रात्री बंद करू नका हं! एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. सिव्हिलला चला, कमी कमी करत सोडवतील."

"तिकडे कुणी बघितलं म्हणजे?"

"तर मग आधी फोन करा. १४४१६, टेली मानस. सरकारी आहे, २०२२ पासून. मराठीत बोलतात, दिवसरात्र, पैसे पडत नाहीत."

माईंनी आत जाऊन नंबर कालनिर्णयवर लिहिला. कुणी विचारलं तर गॅसवाल्याचा सांगणार म्हणाल्या.

"पण ती बरी झाली कशानं शेवटी?"

"सासू म्हणते कौलानं. नवरा म्हणतो गोळीनं."

"आणि ती?"

"ती म्हणते उक्षीच्या पॅसेंजरनं. परवा एकटी मुंबईला गेली. बोगद्यात धडधडलं म्हणे थोडं, मग झोप लागली ती एकदम चिपळूणला जाग आली."

"एकटी? नवऱ्याला सोडून?" माईंचे डोळे चमकले. "भांडण झालंय काय गो त्यांचं?"