सल्ला साहेबांना, राजीनामा स्वतःचा

ब्रिटिश सरकारात 'स्पेशल अ‍ॅडव्हायझर' नावाची एक जमात आहे. लाडाचं नाव 'स्पॅड'. पगार सरकारी तिजोरीतून, निष्ठा मंत्र्यांच्या चरणी. बाकीच्या सनदी नोकरांना निःपक्षपाती राहावं लागतं. या मंडळींची 2010 च्या कायद्याने त्या जाचातून सुटका केली आहे. मंत्रालयात ओएसडींच्या दाराशी ताटकळलेल्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

आचारसंहिता मात्र कडक. स्पॅडने खर्चाला मंजुरी द्यायची नाही, कायम नोकरांवर हुकूम सोडायचा नाही. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना 1997 मध्ये दुसरी अट जरा टोचली. नियम मोडणं असभ्यपणाचं, म्हणून त्यांनी तो बदलून घेतला आणि कॅम्पबेल व पॉवेल या दोघा सल्लागारांना हुकमाचा अधिकार दिला. गॉर्डन ब्राऊन यांनी 2007 मध्ये ती सवलत काढून टाकली. 2009 मध्ये विरोधकांच्या बदनामीचे बेत ईमेलवर शिजवल्याबद्दल त्यांच्याच सल्लागाराला जावं लागलं. त्या कामाला हुकमाचा अधिकार लागतच नव्हता.

2010 मध्ये माध्यमसम्राट मरडॉक यांच्या कंपनीला बीस्कायबी ही टीव्ही कंपनी अख्खी गिळायची होती. निर्णय मंत्री जेरेमी हंट यांच्या हाती. त्यांचा सल्लागार कंपनीच्या माणसाशी अखंड संपर्कात. सल्लागाराचं नाव अ‍ॅडम स्मिथ, पण हात काही अदृश्य राहिला नाही. 2012 मध्ये संदेश चव्हाट्यावर येताच 'मीच जास्त पुढे गेलो' म्हणत त्याने राजीनामा दिला. सल्लागाराच्या वागण्याला मंत्री जबाबदार, असं नियम सांगतो. त्या जबाबदारीच्या ओझ्याखाली हंट सप्टेंबरात आरोग्यमंत्री झाले.

पंतप्रधानांचा सल्लागार असलेल्या डॉमिनिक कमिंग्जच्या काळात गंगा उलटी वाहिली. फेब्रुवारी 2020 मध्ये 'तुमचे सगळे सल्लागार काढा' असं फर्मान आल्यावर अर्थमंत्री साजिद जाविद स्वतःच घरी गेले. मे महिन्यात कमिंग्जने पंतप्रधानांच्या गुलाबबागेत पत्रकार परिषद घेतली. टाळेबंदीत बार्नार्ड कॅसलला गाडी नेली ती नजर ठीक आहे का ते पाहायला, असा खुलासा केला. सल्लागाराने जाहीर राजकीय वादात पडू नये, हे कलम बहुधा बारीक अक्षरात होतं. नोव्हेंबरात तो खोका घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडला. गैरसमज नको, खोका पुठ्ठ्याचा होता.

एवढ्या अनुभवानंतर संहितेत एक कलम वाढवायला हरकत नाही. सल्लागाराने रुजू होतानाच सही केलेला राजीनामा साहेबांच्या खणात ठेवावा. तारीख साहेब सवडीने घालतील.