जागल्या

कोलकात्याच्या बागबाजारात दुपारी दोन ते चार जागं राहायचं काम एकट्या आमच्या घरमालकांच्या संगणकाचं. मिठाईवाला, ओट्यावरची म्हातारी मंडळी, खुद्द घरमालक, सगळे 'भातघूम' घेत असतात. भाताने चढणाऱ्या झोपेला बंगाल्यांनी हे खास नाव ठेवलंय. पुणेकरांनी एक ते चारची नुसती पाटी लावली!

घरमालकांना सगळी गल्ली 'दादा' म्हणते, म्हणून मीही. असे दादा कुठल्याही गावात सापडतात. कुलूप लावून चार पायऱ्या उतरायचं आणि परत चढून ते ओढून बघायचं, दहाची गाडी असेल तर आठलाच फलाटावर जाऊन उभं राहायचं. स्वतः निवांत घोरतील, पण त्यांच्यासाठी कोणीतरी जागं असलं पाहिजे. आपल्याकडे गावोगाव जागल्या असे; दादांनी ते काम संगणकावर, त्यातल्या डेबियन या प्रणालीवर, सोपवलं होतं. दुर्गापूजेच्या जुन्या स्मरणिका ते स्कॅन करतात आणि जेवण झालं की परदेशातल्या मुलाकडे त्या पाठवायला लावून आडवे होतात. चारला उठून पाहावं, तर जागल्याही झोपलेला.

मी मराठी, हे कळल्यावर दादांनी मला पहिल्याच दिवशी मराठा डिच लेन दाखवून आणली होती. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 साली कोलकातेकरांनी खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा, खणला तीनेक मैल. आमचे लोक इथवर आलेच नाहीत. पुढे 1799 मध्ये सर्क्युलर रोडसाठी तो बुजवायला घेतला. न आलेल्या शत्रूसाठी एवढी खणाखणी केलेल्या या भागात दादांसारखा माणूस निपजला नसता तरच नवल.

"तुम्हा बर्गींचं नाव घेऊन आमच्या आया पोरं झोपवतात," दादा म्हणाले, "तुम्ही हा संगणक तेवढा जागा ठेवून दाखवा." बर्गी म्हणजे आमचे मराठा स्वार.

घराण्याच्या अब्रूचा प्रश्न. शोधलं तेव्हा कळलं की डेबियनवरच्या ग्नोम या डेस्कटॉपने 2018 पासून, म्हणजे 3.28 या आवृत्तीपासून, वीज जोडलेली असली तरी काही वेळ कोणी हात लावला नाही तर आपणहून झोपायची सवय लावून घेतली आहे. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा झोप! दादा शिस्तीचे, आडवं होण्यापूर्वी लॉगआउट करत, आणि काम मागे चालू राही. पण लॉगिनच्या पडद्याची सेटिंग वेगळी असते. मालकाला जागं राहायला सांगितलं तरी दरवान आपल्या वेळापत्रकाने झोपतो, आणि झोपताना अख्खा वाडा झोपवतो. शेवटी सिस्टमसीटीएल या आदेशाला 'मास्क' सांगून स्लीप, सस्पेंड, हायबरनेट आणि हायब्रिड-स्लीप ही चारही टार्गेटं बंद केली. मास्क म्हणजे त्या वाटा थेट डेव्ह-नलमध्ये सोडायच्या. तिथे गेलेलं काही परत येत नाही. आता कुंभकर्ण बसवला असता तरी तो जागा राहिला असता.

मी विजयी मुद्रेने खाली आलो. पडदा काळा होणं वेगळं आणि संगणक झोपणं वेगळं, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी अडीचला वर चपला वाजल्या. मग पावणेतीनला. मग तीनला. पडदा काळा दिसला की दादा उठत, माउस हलवत, स्मरणिका जाताहेत ना ते पाहत आणि पुन्हा आडवे होत. मी वर जाऊन फरक समजावला, पडदाही कायम उजळ ठेवून दिला. "मग तो मध्येच काळा झालेला मला कळणार कसा?" म्हणून ते खुर्ची घेऊन समोरच बसले.

आठवडाभराने दादांच्या पत्नी, बौदी, जिन्यात भेटल्या. डोळे लाल.

"उद्या जेवण झालं की वर या," त्या म्हणाल्या. "संगणकाला हात लावू नका. नुसते दारात उभे राहा. बर्गी आला म्हणून सांगते, झोपले तर झोपले."